हँडब्रेक अकराव्या खटक्यावर गेला आहे. घरी आवळावा का?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीजवळ राहतो. माझ्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत आणि आजवर ती ६८,००० किलोमीटर चालली आहे. नवी होती तेव्हा हँडब्रेक पाचव्या-सहाव्या खटक्यावर (दांडा ओढताना टक-टक वाजते त्यातल्या एकेका टक्क्यावर) घट्ट लागत असे. गेल्या वर्षी तो आठवर गेला, तेव्हा मी दुर्लक्ष केले. आता अकरा खटके मोजून होतात, दांडा जवळजवळ उभा राहतो, आणि तरीही गाडी जागची हलणार नाही याची खात्री वाटत नाही.

खात्री का वाटत नाही तेही सांगतो. आमच्या सोसायटीचे पार्किंग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जाणारा उतार चांगलाच उभा आहे. गेल्या आठवड्यात वरच्या वळणावर एक टेम्पो अडकल्यामुळे मला उताराच्या मधोमध थांबावे लागले. मी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला आणली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी काहीही आवाज न करता मागे सरकू लागली. फार नाही, वीतभर सरकली असेल. पण मी पुन्हा पाय ठेवेपर्यंत आमच्या रखवालदाराने धावत येऊन मागच्या चाकाखाली दगड सारला होता. मागे कोणी उभे असते तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. गायमुखच्या घाटात वाहने खोळंबली की चढावर गाडी हँडब्रेकवर धरूनच पुढे काढण्याची मला सवय आहे, तीही आता सोडावी लागली आहे.

एका गॅरेजमध्ये दाखवले. तिथल्या मुलाने चाक न काढता, गाडी वरही न उचलता, नुसता दांडा दोनदा ओढून पाहिला आणि केबल, शू आणि ड्रम असे सगळेच बदलावे लागेल असे सांगितले. कदाचित ते खरेही असेल, परंतु न पाहता सांगितलेल्या गोष्टीवर पैसे टाकण्याची माझी तयारी नाही. दांड्याच्या मागचे प्लास्टिकचे झाकण मी उचलून पाहिले. तिथे एका आटे पाडलेल्या सळईवर १० नंबरचा नट दिसतो आणि तो आवळला की केबल ताणली जाते, एवढे मला समजले. माझ्याकडे पान्यांचा संच, गाडीबरोबर आलेला जॅक आणि उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या दोन लोखंडी घोड्या आहेत. टायर मी स्वतः बदलतो, ऑइलही एकदा बदलले आहे. ब्रेकला मात्र कधी हात लावलेला नाही.

हा नट घरी आवळणे सुरक्षित आहे का, आणि असल्यास किती फेरे आवळावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दहाचा_पाना

हे दहा मिनिटांचे काम आहे. झाकण काढावे, दांडा पूर्ण खाली ठेवावा, नट एकेक फेरा आवळावा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दांडा ओढून खटके मोजावेत. सहा-सात खटक्यांवर घट्ट लागला की थांबावे. मी माझ्या दोन्ही गाड्यांचे हँडब्रेक असेच आवळले आहेत आणि मला आजवर काही त्रास झालेला नाही. गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नये.

खोपटचा_फिटर

घोडबंदरकर, वरचा सल्ला चुकीचा नाही, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. तीच पहिली पायरी समजून नट आवळलात तर बिघाड झाकला जाईल, सुधारणार नाही.

मी एसटीच्या कार्यशाळेत बरीच वर्षे ब्रेकच्याच कामावर होतो. मोठ्या गाड्यांचा हिशेब उलटा असतो. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या आजच्या बसमध्ये गाडी उभी ठेवण्याचा ब्रेक दणकट स्प्रिंगने लागलेलाच असतो आणि हवेचा दाब त्याला सोडवून धरतो, त्यामुळे हवा गेली की गाडी आपोआप जखडते. तुमच्या गाडीत अशी सोय नाही. तिथे तुमच्या मनगटाचा जोर दोन केबलांवरून मागच्या चाकांपर्यंत जातो आणि वाटेत जिथे जिथे पोकळी असेल तिथे तो वाया जातो. म्हणून आधी ही पोकळी केबलमध्ये आहे की ड्रममध्ये, हे शोधावे लागते. तुमचा नट फक्त केबलची पोकळी काढतो.

ड्रमच्या आत काय घडते ते समजून घेतलेत तर पुढचे सगळे सोपे जाईल. ड्रममध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. पायाचा ब्रेक दाबला की चाकाच्या सिलिंडरमधले दोन दट्टे त्यांना बाहेर ढकलतात. हँडब्रेकचा मार्ग वेगळा आहे, त्याचा ब्रेक ऑइलशी काही संबंध नाही. केबल एका शूला जोडलेला छोटा लिव्हर ओढते, तो लिव्हर मधल्या आडव्या पट्टीला रेटतो आणि पट्टी दुसऱ्या शूला रेटते, म्हणजे दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. शूचे अस्तर झिजत जाते तसे शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी त्या आडव्या पट्टीवरच आपोआप लांबी वाढवणारी सोय असते. बऱ्याच गाड्यांत ती दातेरी चकतीची असते. काही गाड्यांत ती पेडल दाबल्याने पुढे सरकते, काहींत हँडब्रेक ओढल्याने, तर काहींत गाडी मागे घेताना ब्रेक मारल्याने. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठी आहेत, पावसाळ्याचे चार महिने चाकांखाली पाणी असते, आणि इथे ही चकती गंजून बसणे अगदी नेहमीचे आहे. चकती बसली की अंतर वाढतच जाते आणि खटकेही वाढत जातात.

आता अशा अवस्थेत कोणी वरचा नट आवळला तर काय होते? केबल ताणली जाते, ड्रममधला छोटा लिव्हर त्याच्या मूळ जागेवर परत टेकतच नाही, तो कायम थोडा ओढलेला राहतो. आपोआप जुळवून घेणारी सोय हा लिव्हर आणि शू आपापल्या जागी टेकलेले आहेत असे धरून बनवलेली असते. तेच टेकले नाहीत तर तिचे उरलेसुरले कामही बंद पडते. दांडा सहाव्या खटक्यावर लागतो, तुम्ही खूश होता, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येता. तोवर अस्तर किती उरले आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

गाडी न उचलता एक चाचणी करता येते. इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक एकदा दाबा, सोडा आणि लगेच पुन्हा दाबा. पहिल्यांदा पेडल बरेच खाली जात असेल आणि दुसऱ्यांदा वरच लागत असेल, तर मागच्या शूंमधले अंतर वाढले आहे असे बहुधा समजावे. पेडल पहिल्यापासून वर आणि कडक असेल आणि तरीही हँडब्रेकला अकरा खटके लागत असतील, तर संशय केबलवर घ्यावा. ब्रेक ऑइलची पातळीही त्याच वेळी पाहून घ्या. ती खाली गेली असेल तर नुसते ऑइल ओतून मोकळे होऊ नका; अस्तर झिजल्यानेही पातळी उतरते आणि गळतीनेही उतरते.

काम करायचेच असेल तर सपाट जागी करा. पोडियमच्या उतारावर किंवा त्याच्या तोंडाशी मुळीच नाही. ज्या ब्रेकचे काम करायचे तोच सोडून ठेवावा लागतो, त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. तुमच्या गाडीचे इंजिन पुढची चाके ओढत असेल तर पुढची चाके जमिनीवर असेपर्यंत गिअर गाडीला धरून ठेवेल, पण ठोकळ्यांना तो पर्याय नाही. सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि त्यांवर जॅकचा पाय एका बाजूने खचतो, म्हणून खाली जाड फळी घ्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवायचे.

त्यानंतर वरचा नट आवळू नका, उलट पूर्ण सैल करा. केबल ढिली झाल्यावरच ड्रममधले अंतर खरे कळते. ड्रम काढण्यापूर्वी मधोमध पाहा: काही गाड्यांत ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) एकच असतात आणि मध्ये बेअरिंगचा मोठा नट असतो. तसे असेल तर तिथेच थांबा आणि ते काम मिस्त्रीकडे द्या, कारण तो नट किती जोराने आवळायचा याला हिशेब आहे. ड्रम सुटा असेल तर बहुधा त्याच्या तोंडावर आटे असलेली दोन भोके दिसतील. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेलात की ड्रम स्वतःच बाहेर येतो. हातोड्याने कडेवर ठोकू नका.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा लावायच्या हे विसरलात तर दुसरी बाजू पाहता येते. ड्रम निघालेला असताना कोणीही पेडल दाबायचे नाही; दट्टे बाहेर येतील आणि ऑइल सांडेल. घरात लहान मुले असतील तर गाडीची दारे बंद करून किल्ली खिशात ठेवा. आतली काळी भुकटी फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्यांची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर अस्तरावर राहतो. अस्तर ओले किंवा तेलकट दिसले तर सिलिंडर गळत आहे असे समजा. मग जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही, सिलिंडर दुरुस्त करून दोन्ही चाकांचे शू एकदम बदलावेत.

आणि चकतीच्या पट्ट्या डावी-उजवीकडे अदलाबदल करू नका. त्यांचे आटे बहुधा उलटसुलट असतात.

नेरुळची_गाडी

फिटर काकांनी लिहिले आहे ते मी पैसे मोजून शिकले, म्हणून माझाही अनुभव इथे नोंदवते.

आमच्या गाडीचा हँडब्रेक नऊ खटक्यांवर गेला होता. व्हिडिओ पाहून मी स्वतःच नट आवळला आणि तो चौथ्या खटक्यावर आणून ठेवला. जितका वर लागेल तितका चांगला, अशी माझी समजूत होती. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी पामबीच मार्गावरून वाशीकडे जाताना काहीतरी जळल्याचा वास येऊ लागला. तो पुढच्या ट्रकचा असावा असे मला वाटले. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी नेहमीसारखी पुढे न सरकता लगेच मंदावते, हेही जाणवत होते, पण त्याचा आणि वासाचा संबंध मी जोडला नाही. वाशीला उतरून मागच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. बाटलीतले थोडे पाणी शिंपडल्यावर ते ड्रमवर चर्र करून उडाले. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकू नये, तडा जाऊ शकतो, हे मला नंतर कळले.

मिस्त्रीने ड्रम काढला तेव्हा शूचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत आणि चकचकीत झाले होते. असे अस्तर नीट धरत नाही, ते बदलावेच लागले. खटके चार करण्याच्या नादात शू ड्रमला सतत घासत राहिले होते. त्यामुळे, घोडबंदरकर, किती फेरे आवळावेत याचे ठरावीक उत्तर नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये खटक्यांची मर्यादा दिलेली असते, आमच्या गाडीत तिची खालची बाजूही दिलेली आहे, आणि मी तीच वाचली नव्हती. नट आवळून झाल्यावर दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही मागची चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत. हे गाडी उचलल्याशिवाय कळणारच नाही. मी गाडी उचललीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. आपली गाडी सरकली तर आपले नशीब, असे कायदा मानत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा गाडी चुकूनही हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. सोसायटीतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये, जिथे गाडी पाळण्यावर चढवून आपण खाली उतरतो, तिथे मला या कलमाची नेहमी आठवण होते.

दहाचा_पाना

माझ्या दोन्ही गाड्यांची मागची चाके मी आज उचलून फिरवून पाहिली. जुन्या गाडीचे उजवे चाक घासते आहे. माझा वरचा सल्ला अपुरा होता हे मान्य करतो. नट आवळण्यापूर्वी चाके उचलून पाहावीत, एवढी दुरुस्ती त्यात वाचावी.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. काल रविवारी सकाळी साडेसातला सुरुवात केली आणि दुपारी एक वाजता हात धुतले. त्यात अर्धा तास सोसायटीच्या सचिवांना मी गाडी खोलत का बसलो आहे हे समजावण्यात गेला.

पेडलची चाचणी आधी केली. पहिल्यांदा ते बरेच खाली गेले, दुसऱ्यांदा वर लागले. फिटर काका, तुमचे निदान इथेच खरे ठरले.

मग झाकण काढून नट नीट पाहिला, आणि पहिल्या वेळी माझ्या नजरेतून काय सुटले होते ते कळले. नटाच्या पुढे सळईचे चौदा आटे उघडे दिसत होते. त्यांतले टोकाकडचे आटे गंजून तपकिरी झाले होते, नटाजवळचे पाच-सहा मात्र लख्ख होते, आणि नटाच्या कडाही पान्याने थोड्या गोल झाल्या होत्या. याचा अर्थ हा नट अलीकडे कोणीतरी आवळलेला होता. गेल्या दोन सर्व्हिसिंगपैकी एका वेळी हँडब्रेक आपोआप घट्ट झाल्यासारखा वाटला होता आणि मी मनातल्या मनात त्या लोकांचे कौतुकही केले होते. तो नट मी टोकापर्यंत सैल केला.

चाके उचलून फिरवली. उजवे चाक एका जागी किंचित घासत होते. डावे अगदी मोकळे, एका झटक्यात चार-पाच फेरे घेत होते. ड्रम सुटे होते. दोन बोल्ट आवळल्यावर उजवा सहज आला, डाव्याला बराच वेळ लागला. दोन्हीकडचे अस्तर साधारण सारखेच, सुमारे तीन मिलिमीटर उरले होते, कोरडे होते आणि ड्रमवर खोल चरे नव्हते. डाव्या बाजूची दातेरी चकती मात्र इतकी गंजली होती की तिचे दाते आणि पट्टी यांत फरक कळत नव्हता. उजवीकडची चकती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक दाता सरकत होती आणि प्रत्येक दात्याला बारीक टक असा आवाज येत होता. डावी हलेच ना. शेवटी पट्टी काढून गंज काढण्याचा फवारा मारला, तारेच्या ब्रशने आटे साफ केले, आणि आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावले. अस्तरावर त्याचा डाग पडू नये म्हणून ते काम गाडीपासून दूर बसून केले.

चकती इतकी फिरवली की ड्रम बसवताना तो शूंना जेमतेम शिवला, मग थोडी मागे घेतली. दोन्ही बाजूंना असेच केले. ड्रम बसल्यावर पेडल दहा-बारा वेळा दाबले, चाके पुन्हा फिरवून पाहिली आणि मगच वरच्या नटाकडे वळलो. दांडा सहाव्या खटक्यावर दोन्ही चाके हाताने न हलण्याइतकी घट्ट झाली, तेव्हा नटाच्या पुढे फक्त सात आटे उघडे होते. म्हणजे जो नट आणखी आवळण्याची परवानगी मी इथे मागत होतो, तो प्रत्यक्षात सात आटे सैल झाला.

एक शंका राहिली आहे. पहिल्या खटक्यावर उजवे चाक किंचित घासते, डावे घासत नाही. तिसऱ्या खटक्यावर दोन्ही सारखी होतात. हे चालेल का?

खोपटचा_फिटर

चालेल, पण लक्ष ठेवा. दांड्याच्या मागे जिथे दोन केबल एकत्र येतात तिथे तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी असते. ती दोन्ही बाजूंना ओढ सारखी वाटून देते. ती थोडी तिरपी राहिली की एक चाक आधी धरते. पाच-सहाशे किलोमीटरनंतरही फरक तसाच असेल तर डावी केबल तिच्या आवरणात अडत नाही ना ते पाहा. चाकाजवळ केबलच्या आवरणाला तडा गेला की पाणी आत शिरते, आतली तार गंजून फुगते, आणि ती ओढली तर जाते पण सोडल्यावर परत येत नाही. अशा केबलला तेल देण्यात वेळ घालवू नये, बदलावी.

आता पाच-सात किलोमीटर गाडी चालवा, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या रिमांजवळ हात न्या. स्पर्श करू नका, नुसती धग पाहा. दोन्हीकडे सारखी कोमट असेल तर काम जमले. चाकाचे नट त्याच वेळी समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळून घ्या. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा पहिल्या खटक्याला लागतो आणि दांडा खाली ठेवल्यावर विझतो, एवढेही पाहा. तीन मिलिमीटर अस्तर आज पुरेसे आहे, पण पुढच्या सर्व्हिसिंगला ड्रम उघडायला सांगा आणि उघडताना स्वतः समोर उभे राहा.

पारसिक_टेकडी

मी बेलापूरला टेकडीच्या रस्त्यावर राहतो आणि उताराला लावलेल्या गाड्या रोज पाहतो, त्यामुळे हा धागा वाचून काढला. माझ्या नव्या गाडीला दांडाच नाही, नुसते बटण आहे आणि मागेही डिस्क आहे. तिच्यात घरी काही जुळवता येते का?

खोपटचा_फिटर

बटणाच्या हँडब्रेकला जुळवण्यासारखे घरी काही नाही. मागच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर, बहुधा छोटी मोटर असते आणि अंतर ती स्वतः भरून काढते. पॅड बदलायचे झाले तरी आधी गाडीला दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे लागते, बऱ्याचदा त्यासाठी गाडीचे बिघाड वाचणारे यंत्र (स्कॅनर) जोडावे लागते. पकडीने दट्टा मागे रेटलात तर आतले दाते मोडू शकतात. तुम्ही उताराकडे तोंड करून गाडी लावताना पुढची चाके पदपथाच्या कडेकडे वळवून ठेवा, एवढे पुरे.

घोडबंदरकर

काल रात्री गाडी कासारवडवलीहून गायमुखपर्यंत नेऊन आणली. दोन्ही चाके सारखीच कोमट होती. परत आल्यावर पोडियमच्या उतारावर, त्याच जागी, मुलाला मागून पूर्ण बाजूला उभे करून गाडी थांबवली, हँडब्रेक सहाव्या खटक्यापर्यंत ओढला, न्यूट्रल केले आणि ब्रेकवरचा पाय उचलून मनात साठ आकडे मोजले. गाडी हलली नाही. रखवालदार मात्र दगड हातात घेऊन शेवटपर्यंत मागे उभाच होता आणि तो दगड त्याने आता माझ्या पार्किंगच्या खांबाशीच ठेवून दिला आहे.

खोपटचा_फिटर

तो दगड तिथेच राहू द्या. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले शू गंजून ड्रमला चिकटतात आणि पहिल्या सकाळी चाक फिरत नाही. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, दांडा खाली सोडायचा आणि चाकाला तोच दगड लावायचा. गाडी काढण्यापूर्वी तो आठवणीने उचला.